पिक्चरनं माझं काय केलं

मामांच्या वहीला तीन रकाने होते. वार-तारीख, गल्ला आणि शेरा. पहिले दोन निळ्या शाईनं, तिसरा शिसपेन्सिलीनं. लहानपणी मी विचारलं होतं, शेराच पेन्सिलीनं का? तर म्हणाले, "पोरी, गल्ला एकदा गोळा झाला की झाला. शेरा शनिवारपर्यंत बदलू शकतो."

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचं थिएटर होतं. त्यांचं म्हणजे ते तिथे मॅनेजर. खरे मालक सोलापूरला असत आणि महिन्यातून एकदा हिशेबाला येत. पण गाव मामांनाच मालक म्हणायचं आणि पिक्चर पडला की शिव्याही मामांनाच बसायच्या. सकाळी दाढीला बसले की न्हावी वस्तरा गळ्याशी धरून विचारायचा, "काय मालक, काल हे काय लावलं होतं?" वस्तरा तिथे असताना माणूस उगीच पिक्चरची बाजू घेत नाही.

शेरे असे: 'बाया रडल्या. चालेल.' 'फायटिंग कमी, पोरं शिट्ट्या मारून थकली.' 'हिरो मरतो. पुन्हा आणू नये.' 'पाऊस.' 'पाऊस.' 'एस.टी. बंद.' 'गाणी बरी, रीळ दोनदा तुटलं.' एका पानावर नुसतंच 'म्हसवडची जत्रा' असं लिहिलंय आणि गल्ल्याच्या रकान्यात 18 रुपये. याला कुणी समीक्षा म्हणणार नाही. मीही म्हणत नव्हते. पुण्याला शिकायला गेल्यावर तर मला या वहीची थोडी लाजच वाटायची.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री झोप येईना म्हणून जुनी अमेरिकन नियतकालिकं चाळत बसले होते. तिकडच्या मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीनं सिनेधंद्याची शंभर वर्षांपूर्वीची पत्रं स्कॅन करून सगळ्यांना मोफत खुली केली आहेत. त्यात एक्झिबिटर्स हेरल्ड नावाचं शिकागोहून निघणारं साप्ताहिक आहे. मार्टिन क्विग्ली त्याचे प्रकाशक. वाचक म्हणजे थिएटरचे मालक आणि चालक, दुसरं कुणी नाही. 1916 पासून त्यात एक सदर यायला लागलं, 'व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी'. इंग्रजीत 'फॉर' आहे, म्हणजे माझ्यासाठी काय केलं. पण दोन पानं वाचल्यावर मला मराठीतलं 'पिक्चरनं माझं काय केलं' हेच जास्त जुळतंय असं वाटायला लागलं. वाटोळं हा शब्द पुढे धरून चालायचा.

त्या रात्री तीन वाजेपर्यंत वाचत होते. कुणीतरी मामांचीच वही चोरून इंग्रजीत छापली आहे, अशी शंका यावी इतका सूर तोच.

अंकात एक कोरा फॉर्म छापलेला असे. कापायचा, भरायचा, शिकागोच्या डिअरबॉर्न स्ट्रीटवर धाडायचा. चित्रपटाचं नाव, नट, कंपनी, शेरा, थिएटर, गाव, राज्य. शिवाय एक रकाना होता, तो मला फार आवडला: येणारं गिऱ्हाईक वस्तीतलं की येता-जाता शिरणारं? रेल्वे स्टेशनसमोरच्या थिएटरात चाललेला पिक्चर चर्चशेजारच्या थिएटरात चालेलच असं नाही, हे त्या फॉर्मला ठाऊक होतं. आलेले शेरे कंपनीवार लावून छापत. फॉक्सचे इथे, पॅरामाउंटचे तिथे. दोन-चार ओळींचा मजकूर, खाली मालकाचं नाव आणि गाव. आयडाहोमधलं सॅमन, नेब्रास्कातलं नीली, अशी आपण आयुष्यात कधी ऐकली नसती अशी गावं. पुष्कळ शेऱ्यांच्या शेवटी एक खूण: 'लहान गावचं पब्लिक'. म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांनो, तुमचं तुमच्यापाशी.

हे सदर मालकांनी मालकांसाठी लिहिलेलं. कंपनीच्या जाहिरातीत प्रत्येक चित्रपट शतकातला महान असायचा. तो तसा आहे का, हे सांगणार कोण? ज्यानं परवा पदरचे पैसे घालून लावला तोच. आयोवातल्या एकानं हात पोळून घेतला की ओक्लाहोमातला सावध व्हायचा. आज आपण हॉटेलात जाण्याआधी फोनवर चांदण्या बघतो, तशातलाच प्रकार. फरक इतकाच की इथे शेरा देणाऱ्याचं नाव-गाव खाली छापलेलं असे आणि त्याचं घर त्या धंद्यावर चालत असे. नीलीचा जे. सी. जेंकिन्स तर पुढे स्वतःच हेरल्डचा माणूस झाला आणि मोटार घेऊन गावोगावच्या थिएटरवाल्यांना भेटत हिंडला.

आता हा धंदा कसा होता ते जरा सांगते, नाहीतर शेरे नुसतेच खडूस वाटतील.

गावात एकच थिएटर, दोन-तीनशे खुर्च्या. आठवड्यात दोन-तीनदा पिक्चर बदलायचा, कारण गावच तेवढं. सगळ्यांनी एकदा पाहिला की संपला. चित्रपट मोठ्या शहरातल्या वितरण कचेरीतून रेल्वेनं पत्र्याच्या पेटीत यायचा. आमच्याकडे एस.टी.च्या टपावरून यायचा, पण 'पेटी आली का?' हा प्रश्न दोन्हीकडे तोच. शहरात महिनोन्‌महिने फिरून फिरून तो गावी पोचेपर्यंत फिल्मला ओरखडे, कडेची भोकं फाटलेली, मधले तुकडे गायब. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, काडी लागली की भडकणारी. चित्रपट मुके, म्हणून सोबत वाजवायला गावातलीच पियानो शिकलेली एखादी मुलगी. यंत्राला हातानं फिरवायचा दांडा असे तोवर ऑपरेटरच्या मनगटावर चित्रपटाचा वेग ठरे. उशीर झाला, लोक घरी जायला उठायला लागले, की दांडा भराभर फिरायचा आणि पडद्यावरची अंत्ययात्रा पळत सुटायची. 1917 पासून युद्धासाठी तिकिटावर कर बसला, तोही मालकानंच वसूल करायचा आणि त्याबद्दलची नाराजीही त्यानंच ऐकायची.

आणि पाऊस. अमेरिकेतल्या खेड्यांकडचे बहुतेक रस्ते तेव्हा मातीचे. पाऊस पडला की शेतकऱ्याची फोर्ड चिखलात रुतायची आणि मालकाचा शनिवार गेला. शनिवार हा बाजाराचा, गावात यायचा दिवस. रविवारी अनेक ठिकाणी धर्माच्या कायद्यानं खेळ बंद. उन्हाळ्यात शटाक्वा यायचं, ही म्हणजे आपल्या वसंत व्याख्यानमालेची तंबूतली चुलत बहीण. भाषणं, गाणी, जादूचे प्रयोग, आणि गाव तिकडे. नाहीतर एखादा धर्मप्रवचनकार आठवडाभर मुक्काम ठोकायचा. या सगळ्याचा हिशेब चित्रपटाच्या शेऱ्यात येतो. चित्रपट उत्तम, पण पाऊस. चित्रपट बरा, पण शाळेचं नाटक होतं. वाचताना पहिल्यांदा हसू येतं. मग लक्षात येतं की या माणसांना चित्रपट असा वेगळा, हवाबंद डबीत ठेवल्यासारखा कधी भेटलाच नाही. तो नेहमी एका विशिष्ट मंगळवारी, विशिष्ट चिखलात, विशिष्ट तीस माणसांसमोर भेटला. कॉलेजात आम्ही चित्रपटावर चार चार तास बोलायचो आणि त्या दिवशी बाहेर पाऊस होता की नाही, हे एकदाही कुणाला आठवायचं नाही.

त्यांना आवडायचं काय? घोडदौड आवडायची. काउबॉय नट टॉम मिक्स आला की थिएटर भरलं, हे इतक्यांनी इतक्यांदा लिहिलंय की शेवटी त्यात बातमीच उरत नाही. विनोदी नट हॅरल्ड लॉइड आवडायचा. वॉर्नरचा रिनटिनटिन नावाचा कुत्रा 1923 पासून पडद्यावर गाजायला लागला, त्याला धंद्यातली माणसं 'गहाण सोडवणारा' म्हणत, आणि खुद्द वॉर्नर कंपनीही त्याच्या जिवावर तरली असं म्हणतात. न आवडणाऱ्यांत राजवाड्यांचे, झालरीच्या पोशाखांचे पट वरच्या नंबरावर. दुःखी शेवट नको. शहरी श्रीमंतांच्या बैठकीतली रुसवेफुगवे नकोत. आणि लांबी! नऊ-दहा-बारा रिळांचा चित्रपट म्हणजे रात्री एकच खेळ. गिऱ्हाईक शेतकरी, त्याला पहाटे दूध काढायचंय. कलावंतानं आपल्या भव्य दृष्टीसाठी घेतलेला प्रत्येक जादा तास गावच्या मालकाला भाड्याच्या दुपटीनं पडे.

भाड्याचं गाऱ्हाणं तर पानोपानी. पिक्चर चालला, लोक खूश, आणि मला तोटा, असे शेरे मी किती वाचले! कंपन्यांनी सगळं वरच खाऊन टाकलेलं. त्यातून घाऊक विक्रीची पद्धत. अ‍ॅडॉल्फ झुकर यांच्या पॅरामाउंटनं ती पक्की केली. लाडकी नटी मेरी पिकफर्ड पाहिजे? मग तिच्या चार चित्रपटांबरोबर आमचे हे बाकीचे ढीगभर घ्या. त्यातले अर्धेअधिक अजून तयारच झालेले नसत, नुसती यादी बघून सही करायची. याला कंटाळून मोठ्या थिएटरवाल्यांनी 1917 साली फर्स्ट नॅशनल ही आपली संस्था काढली आणि चॅप्लिनलाच फोडून आणलं. 1921 साली सरकारच्या व्यापार आयोगानं झुकर यांच्या कंपनीवर तक्रार दाखल केली. पण ही घाऊक पद्धत खऱ्या अर्थानं मोडायला सर्वोच्च न्यायालयाचा 1948 चा निकाल यावा लागला. तोवर मूकपट जाऊन वीस वर्षं झाली होती. मामांकडे हीच तऱ्हा होती, फक्त तिला नाव नव्हतं. दिवाळीचा मोठा पिक्चर पाहिजे असेल तर पावसाळ्यात दोन पडीक लावून दाखवा, असं एक वितरक हसत हसत सांगायचा. मामा हसत हसत लावायचे आणि वहीत लिहायचे: 'जोडीचा.' एवढाच शेरा. त्याच्यावर वेगळी शाई, सॉरी, वेगळं शिसं खर्च करायची त्यांची तयारी नसे.

1923 साली चॅप्लिननं 'अ वूमन ऑफ पॅरिस' काढला. दिग्दर्शन त्याचं, पण नायक तो नाही. मधेच एका हमालाच्या रूपात क्षणभर दिसतो, तेवढंच. चित्रपट गंभीर, नाजूक, जाणकारांनी डोक्यावर घेतला. लोकांनी पाठ फिरवली. चित्रपटाच्या इतिहासात हे प्रकरण कलावंत विरुद्ध बाजार असं शिकवतात, मीही तसंच शिकले. आता मी दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या जागी उभी राहून बघते. पाटीवर चॅप्लिनचं नाव. पंधरा मैलांवरून गाडी हाकत आलेलं कुटुंब, मागे चार पोरं, सगळ्यांची तोंडं आधीच हसायला तयार. तासाभरानं ती पोरं बाहेर येतात. त्यांना काय सांगायचं, चार्ली होता, पण कॅमेऱ्यामागे?

किंवा विनोदी नट फॅटी अरबकल. 1921 च्या सप्टेंबरात त्याला एका नटीच्या मृत्यूप्रकरणी अटक झाली आणि खटला उभा राहण्याआधीच देशभर थिएटरांतून त्याचे चित्रपट उतरले. तिसऱ्या खटल्यात, एप्रिल 1922 मध्ये, ज्युरीनं त्याला निर्दोष तर सोडलंच, वर लेखी माफीही मागितली. सहा दिवसांनी चित्रपटधंद्याचे नवे कारभारी विल हेज यांनी त्याच्यावर बंदी घातली. गावचा मालक कुठल्या बाजूला असेल? मला वाटतं, त्याला बाजूच नव्हती. सकाळी वाण्याच्या दुकानात पाद्रीबुवा भेटणार होते, दुपारी कंपनीचा हप्ता भरायचा होता.

पण मामांच्या आणि या सगळ्यांच्या प्रेमात पडून एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. 'माझ्या पब्लिकला हे आवडत नाही' असं म्हणणारा माणूस पुष्कळदा स्वतःचीच आवड पब्लिकच्या नावावर खपवत असतो. गाणी नसलेला पिक्चर मामांना स्वतःला बघवत नसे, वहीत मात्र 'पब्लिक नाराज' असंच यायचं. आणि पब्लिक म्हणजे कोण, हेही विचारायला हवं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या जिन्यानं माडीवर चढवत, नाहीतर आतच घेत नसत. तिथला मालक सगळे खूश झाले असं लिहितो तेव्हा 'सगळे' या शब्दात जिन्यावरची माणसं धरलेली असतात का? शेऱ्यातून काही कळत नाही. आमच्या थिएटरात बायकांसाठी पडद्याआडची वेगळी बाकं होती. त्या हसल्या की रडल्या, हे मामांना डोअरकीपरच्या बायकोकडून कळायचं. म्हणजे 'बाया रडल्या' हा शेराही ऐकीवच.

तरीही या शेऱ्यांना आज जे मोल आलंय ते त्यांनी मागितलं नव्हतं. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं 2013 साली मोजदाद प्रसिद्ध केली. 1912 ते 1929 मध्ये तिकडे जवळपास 11,000 मोठे मूकपट निघाले, त्यांतले मूळ रूपात पूर्ण शिल्लक आहेत फक्त 14 टक्के. थीडा बारा ही एके काळची केवढी मोठी नटी, 40च्या आसपास चित्रपट, पण 1937 साली न्यू जर्सीत फॉक्सच्या कोठाराला आग लागली आणि तिचं जवळजवळ सगळं काम राख झालं. 'क्लिओपात्रा'चे काही तुकडे उरलेत. तेव्हा हेरल्डचं पान उलटताना असं होतं: चित्रपट नाही, नट गेला, थिएटर पाडलं, आणि त्या चित्रपटाच्या एका रात्रीबद्दल कुण्या गावच्या माणसानं लिहिलेल्या दोन ओळी शाबूत आहेत. की बरा होता, पण शेवट लोकांना पटला नाही. कुठला शेवट? आता कुणालाच कळणार नाही. जेवण संपून भांडी घासून झाल्यावर 'मीठ कमी होतं' एवढंच ऐकू यावं तसं.

आपल्याकडची अवस्था याहून वाईट. 1300च्या आसपास मूकपट निघाले, उरलेत तीसही नाहीत. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी गोळा केलं नसतं तर तेवढेही उरले नसते. आणि थिएटरवाल्यांच्या शेऱ्यांचं असं सदर तर आपल्याकडे नाहीच. एक गोष्ट मात्र सांगतात, दादासाहेब फाळक्यांची. 'राजा हरिश्चंद्र' 1913 च्या मे महिन्यात गिरगावात कॉरोनेशनला चालला, मग सुरतेला गेला. पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये. तिथला थिएटरवाला फाळक्यांना म्हणाला म्हणे, इथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय आहे, तुम्ही तीन आणे घेऊन दीड तासात घरी पाठवता. फाळक्यांनी खेळ लांबवला नाही, दरही उतरवला नाही. जाहिरात केली की 57,000 छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. आणि गर्दी लोटली. सुरतेच्या त्या माणसाचं नाव या गोष्टीत कुणी सांगत नाही. माझ्या लेखी तो या सदराचा पहिला भारतीय वार्ताहर. फक्त नेब्रास्कातला म्हणे पिक्चर लांब आणि सुरतेचा म्हणे आखूड.

पुढे 1927 साली सरकारनं दिवाण बहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अमेरिकन चित्रपटांनी हिंदुस्थानातले पडदे व्यापले होते, साहेबांना त्याची काळजी. समिती देशभर फिरली, 350हून अधिक जणांच्या साक्षी घेतल्या, त्यांत थिएटरवालेही होते. तेव्हा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात पक्की थिएटरं 300च्या आसपास. कुठल्या वर्गाला काय आवडतं, देशी चालतं की विलायती, हे प्रश्न त्यांना खुर्चीत बसवून विचारले. घाऊक विक्रीची तीच तक्रार इथेही निघाली. आणि आजवर सर्वांत चाललेला पाश्चात्त्य चित्रपट कोणता, तर डग्लस फेअरबँक्सचा 'थीफ ऑफ बगदाद'. मला त्याचं नवल वाटत नाही. उडता गालिचा आहे, मारामारी आहे, मुलुख ओळखीचा वाटतो आणि पडद्यावर मधेमधे येणाऱ्या पाटीवरचं इंग्रजी वाचता आलं नाही तरी काही अडत नाही. मामांनी लावला असता तर शेरा एका शब्दाचा असता. मात्र समितीपुढच्या साक्षी आणि हेरल्डचे शेरे यांत एक फरक जाणवतो. सरकारपुढे बसलं की माणूस प्रेक्षकांचे सुशिक्षित, अशिक्षित असे गठ्ठे बांधून बोलतो. दुसऱ्या मालकाला लिहिताना तो बोलतो ते काल रात्रीबद्दल.

हे सगळं वाचताना मला माझाच एक रविवार सारखा आठवत राहिला. तो सांगून टाकते.

1987 सालची गोष्ट. पुण्यात उन्हाळ्यात चित्रपट-रसग्रहणाचा महिनाभराचा वर्ग असतो, तो करून मी नुकतीच परतले होते. डोकं भणाणलेलं. आपल्या गावालाही हे दाखवायचं, असं ठरवलं. ओळखीच्या फिल्म सोसायटीकडून मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्या 'द जनरल'ची सोळा एमएमची प्रिंट आणि यंत्र मिळवलं. 1972 साली जगभरच्या समीक्षकांनी निवडलेल्या दहा सर्वोत्तम चित्रपटांत त्याचं नाव होतं. 1927 साली न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी तो धुतला होता आणि धंदाही यथातथाच झाला होता, हेही मला ठाऊक होतं. मला वाटलं, ती शहरी लोकांची चूक, माणदेश दुरुस्त करील.

मामा म्हणाले, "रविवारी सकाळी साडेनऊला लावू. पण फुकट नाही."

"मामा, सोसायटीचा नियम आहे, तिकीट लावता येत नाही."

"मग वर्गणी म्हण. एक रुपया. फुकट असलं की लोक पिक्चर बघत नाहीत, पंख्याखाली बसतात."

तेवीस माणसं आली. न्हावी होता, शाळेतले दोन मास्तर, कँटीनची पोरं, आणि धोतर-पटक्यातले एक म्हातारबाबा. लहानपणी जत्रेच्या तंबूत मुके पिक्चर बघितले होते म्हणून ते मुद्दाम आलेले. दिवे गेले, पडदा उजळला, नावं सरकली. मिनिटभर शांतता. मग पिटातून पहिली आरोळी आली, "ए ऑपरेटर, आवाज सोड!" मग दुसरी. मग शिट्ट्या. मी उठून पडद्याच्या कडेला गेले आणि ओरडून सांगितलं की याला आवाजच नाही, हा असाच आहे. कँटीनचा एक पोरगा म्हणाला, "मग रुपया कशाचा?" तेवढ्यात मागून म्हातारबाबांचा आवाज आला. त्यांची तक्रार वेगळीच होती. "आवाज नसतोच रे. पण पेटीवाला कुठं गेला?"

त्यांच्या तंबूत पडद्याखाली पेटी आणि तबला घेऊन माणसं बसायची. पाटीवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक असायचा. पेटीवाला माझ्याकडे नव्हता, म्हणून निदान दुसरं काम मी अंगावर घेतलं. पडद्याशेजारी उभी राहून पाट्या मराठीत वाचायला लागले. "ती म्हणते, सैन्यात गेल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस." "तो म्हणतो, माझं इंजिन चोरीला गेलं." तोंड उजेडात, डोळ्यांत प्रकाश, मला समोरचं कुणी दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. प्रेयसीनं झिडकारल्यावर कीटन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्न बसतो आणि इंजिन सुरू होतं, दांड्याबरोबर तो वर-खाली, वर-खाली होत राहतो, त्याला पत्ताच नाही. तिथे न्हावी हसला. एकटाच, पण अगदी पोटातून. जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळलं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. नंतर दारातून मामांनी विचारलं, "ते खरं पाडलं का गं?"

"हो मामा. ओरेगॉनमध्ये, 1926 साली. 42,000 डॉलर गेले म्हणतात एका शॉटला."

मामा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. "वेडा होता," म्हणाले. कौतुकानं की कीव येऊन, कोण जाणे. मध्यंतराला सहा माणसं उठून गेली. संपल्यावर म्हातारबाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पेटीवाल्याचं पुन्हा एकदा सांगितलं. जेवताना मामा त्या खेळाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती हे आता कबूल करायला हरकत नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. थिएटरच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. वह्या मामींनी ट्रंकेत जपल्या होत्या, त्या माझ्याकडे आल्या. हेरल्ड वाचून झाल्यावर मी 1987 ची वही काढली आणि तो रविवार शोधला. निळ्या शाईत: 'रवि. सकाळ. 23 रुपये.' पुढे शिसपेन्सिलीचा शेरा. आधी काहीतरी लिहून खोडलेलं आहे. कागद खिडकीशी तिरका धरला तर दाबलेली अक्षरं अजून लागतात: 'पुन्हा नको.' आणि त्याच्यावर, त्याच जागी, नव्यानं लिहिलेलं:

'मूक. इंजिनाचा. न्हावी हसला. पाऊस नव्हता. पुढच्या वेळी पेटीवाला बघणे.'